एकाच वेळी शेकडो जेसन फायली फॉरमॅट करायच्या आहेत, कशा कराव्यात?

कोरी पाटी (सोमवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. एका अ‍ॅपच्या मराठी भाषांतराचं काम माझ्याकडे आलं आहे. मजकूर १,३४० जेसन फायलींमध्ये (नाव-मूल्य अशा जोड्यांत डेटा लिहायची रीत) आहे आणि त्या साठेक फोल्डरांत विखुरलेल्या आहेत. प्रत्येक फाइल म्हणजे एकच ओळ, उजवीकडे संपता संपत नाही. आम्ही चौघं जण या फायली उघडून वाक्यं वाचतो आणि चुकलेली दुरुस्त करतो. एका ओळीत दोनशे वाक्यं असली की नजर ठरत नाही. गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) फरक पाहायला गेलं तर "ही एक ओळ बदलली" एवढंच कळतं.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये फाइल उघडून शिफ्ट-ऑल्ट-एफ दाबलं की सगळं नीट उलगडतं. अशा ४० फायली मी काल केल्या. उरलेल्या १,३०० अशाच करायच्या म्हटलं तर आठवडा जाईल. फोल्डर निवडून एकदम फॉरमॅट करायची सोय मेनूत सापडली नाही. "सगळ्या फायलींत शोधा आणि बदला" वापरून प्रत्येक स्वल्पविरामानंतर नवी ओळ घालून पाहिली. वाक्यांच्या पोटातले स्वल्पविरामही तुटले आणि प्रत्येक फाइलमध्ये लाल रेघा आल्या. हे प्रतीवर केलं होतं, मूळ फायली जशाच्या तशा आहेत.

यातून मार्ग काय?

अर्धविराम (सोमवार, रात्री ९:४०)

शोधा-आणि-बदलाच्या वाटेला पुन्हा जाऊ नका. स्वल्पविराम वाक्यातला आहे की रचनेतला हे त्या सोयीला कळत नाही, आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायचा नमुना) कितीही घासूनपुसून लिहिली तरी कुठल्या तरी फाइलमध्ये ती फसतेच.

व्हीएस कोडमध्ये अख्खं फोल्डर फॉरमॅट करायची कमांड मुळात नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण मार्केटप्लेसमध्ये "फॉरमॅट फाइल्स" नावाचं एक्स्टेन्शन आहे. डाव्या पट्टीत फोल्डरवर राइट क्लिक करून ते सुरू करता येतं. एकेक फाइल उघडणं, तुम्ही नेमलेला फॉरमॅटर चालवणं, सेव्ह करणं, बंद करणं, म्हणजे तुमचे हात काल जे करत होते तेच ते करतं. आधी सेटिंग्जमध्ये जेसनसाठी डीफॉल्ट फॉरमॅटर कोणता ते ठरवून ठेवा, नाहीतर दोन फॉरमॅटर बसवलेले असले की एडिटर विचारत बसतो.

आणि पुढच्या कामासाठी फॉरमॅट ऑन सेव्ह चालू करा. त्यात एक खोच आहे: ऑटो सेव्ह "ठरावीक वेळाने" असा लावलेला असेल तर आपोआप होणाऱ्या सेव्हच्या वेळी फॉरमॅटिंग होत नाही. पुष्कळांना वाटतं सेटिंगच बिघडलं.

रात्रपाळी (सोमवार, रात्री ११:०५)

१,३०० फायली एडिटरमध्ये उघडबंद करण्यापेक्षा टर्मिनलमधून करा. नोड (जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) असेल तर प्रिटियर हा फॉरमॅटर बसवा. २०१७ सालापासून आहे आणि जेसन, यॅमल, मार्कडाउन सगळं हाताळतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये उभं राहून "चेक" पर्यायानं चालवलंत तर कुठल्या फायली बदलतील त्याची नुसती यादी मिळते, हात कशालाच लागत नाही. यादी पटली की "राइट" पर्यायानं चालवा.

दोन गोष्टी सांभाळा. "सगळ्या उपफोल्डरांतल्या जेसन फायली" असा जो दोन ताऱ्यांचा नमुना देता तो अवतरणात द्या. नाहीतर प्रिटियरला मिळण्याआधी शेल (टर्मिनलमध्ये कमांड वाचणारा प्रोग्राम) स्वतःच त्याचा अर्थ लावतं, आणि काही शेलमध्ये दोन तारे एकासारखेच वागतात. मग फक्त पहिल्या थरातल्या फायली होतात आणि आतल्या तशाच राहतात. दुसरं, प्रिटियरची नेमकी आवृत्ती प्रोजेक्टमध्ये नोंदवून ठेवा. आवृत्ती बदलली की ओळी तोडायची पद्धतही थोडीफार बदलू शकते. चौघांकडे चार आवृत्त्या असतील तर तुमच्या फायली रोज नुसत्या इकडून तिकडे हलत राहतील.

महिरपी कंस (मंगळवार, सकाळी ७:२०)

वरचे दोन्ही मार्ग चांगले आहेत. पण कुठलंही हत्यार १,३४० फायलींवर सोडण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, आणि तो कुणी विचारताना दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

फॉरमॅटर दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा फॉरमॅटर मूळ मजकूर जसाच्या तसा धरतो आणि तुकड्यांच्या मधली रिकामी जागा तेवढी कमीजास्त करतो. दुसऱ्या जातीचा फाइल वाचून तिचा अर्थ लावतो, तो मेमरीत आकडे, यादी, नाव-मूल्य जोड्या अशा रूपात साठवतो आणि मग त्या मेमरीतून नवी फाइल लिहून काढतो. दोन्हींनी काढलेली फाइल दिसायला सारखीच. पण दुसऱ्यानं लिहिलेली फाइल ही तुमची फाइल नसते. त्या प्रोग्रामला तिचा जो अर्थ कळला त्याची ती नक्कल असते.

फरक कुठे पडतो?

मोठे आकडे. जावास्क्रिप्टसारख्या भाषा सगळे आकडे दुहेरी अचूकतेच्या फ्लोटिंग पॉइंट रूपात ठेवतात. तिथे ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक स्वतंत्रपणे मावत नाही. ९००७१९९२५४७४०९९३ वाचून परत लिहिलात तर शेवटी २ येतो. कसलीही एरर येत नाही. आरएफसी ८२५९ या जेसनच्या प्रमाणकातही याच मर्यादेची सूचना दिलेली आहे.

शेवटचं शून्य. २.५० वाचून लिहिताना बहुतेक ठिकाणी २.५ होतं. गणितात दोन्ही एकच, पण तो आवृत्तीचा क्रमांक असेल किंवा दोन दशांश मोजून ठेवलेला आकडा असेल तर नाही.

क्रम. नाव-मूल्य जोड्यांचा क्रम जेसनमध्ये अर्थाला धरून नाही, पण वाचणाऱ्या माणसाला तो हवा असतो. जावास्क्रिप्टमध्ये "१०" आणि "२" अशी निव्वळ आकड्यांची नावं असली की परत लिहिताना ती चढत्या क्रमानं लागतात आणि बाकीची त्यांच्या मागे जातात.

दुहेरी नावं. एकाच कंसात एकच नाव दोनदा आलं असेल तर बहुतेक वाचक शेवटचं ठेवतात आणि पहिलं मुकाट्यानं टाकून देतात. भाषांतराच्या फायलींत हे हमखास सापडतं, कारण कुणीतरी जुनी ओळ न पुसता खाली नवी घातलेली असते. कोणतं वाक्य ठेवायचं हा तुमचा निर्णय आहे, फॉरमॅटरचा नाही.

तेव्हा कोरी पाटी, तुमच्या फायलींत नेमकं काय आहे ते आधी सांगा. लांब आकडी ओळखक्रमांक आहेत का? असले तर अवतरणात आहेत की उघडे?

कोरी पाटी (मंगळवार, सकाळी ९:३१)

आहेत. प्रत्येक वाक्याला १८ आकडी क्रमांक आहे आणि तो अवतरणात नाही. त्याच क्रमांकावरून अ‍ॅप वाक्य उचलतं. तुमचा प्रतिसाद वाचल्यापासून काळजी लागली आहे. काल केलेल्या ४० फायली बिघडल्या असतील का?

महिरपी कंस (मंगळवार, सकाळी ९:५०)

फॉरमॅटरमुळे तरी बिघडलेल्या नसणार. व्हीएस कोडमधला जेसनचा मूळ फॉरमॅटर पहिल्या जातीचा आहे. कुठे किती जागा घालायची नि काढायची एवढेच बदल तो काढतो, आकडे उचलून पुन्हा लिहीत नाही. प्रिटियरही जेसनमधले आकडे मूळ मजकुरातून जसेच्या तसे उतरवतो, म्हणून रात्रपाळींचा सल्ला तुमच्या डेटाला चालेल. माझा इशारा आहे तो आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून "वाचा आणि छान लिहा" करण्याबद्दल. पहिल्यांदा सगळ्यांच्या मनात तेच येतं.

तरी माझ्या शब्दावर राहू नका, ४० फायली तपासून घ्या. कशा तपासायच्या ते संध्याकाळी लिहितो, आता निघायला हवं.

शून्यापासून (मंगळवार, दुपारी १:१५)

जेक्यूचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून लिहिते. जेसनसाठी माझं रोजचं हत्यार आहे, २०१२ पासूनचं. पण महिरपी कंस यांच्या भाषेत ते दुसऱ्या जातीचं. २०२३ मध्ये आलेल्या १.७ आवृत्तीपासून हात न लावलेला मोठा पूर्णांक ते तसाच राखतं. त्याआधीच्या आवृत्त्या १८ आकडी क्रमांकाची शेपटी बदलून टाकतात. म्हणून आधी आवृत्ती बघा. जुन्या सर्व्हरवर हमखास जुनी असते.

आणखी एक अनुभव. मी एकदा जेक्यूला एक फाइल वाचायला दिली आणि निकाल त्याच फाइलमध्ये वळवला, तेही लूपमध्ये, सगळ्या फोल्डरवर. निकाल वळवायचं चिन्ह दिसताच शेल आधी ती फाइल रिकामी करून उघडतं, प्रोग्राम त्यानंतर सुरू होतो. त्यामुळे जेक्यूच्या हाती रिकामी फाइल आली, त्यानं रिकामा निकाल दिला, आणि दोनेकशे फायली शून्य बाइटच्या झाल्या. लूप सेकंदात संपला तेव्हा मला वाटलं काय वेगवान हत्यार आहे. फायली गिटमध्ये होत्या म्हणून परत मिळाल्या. तेव्हापासून निकाल आधी तात्पुरत्या फाइलमध्ये, जेक्यू बिनतक्रार संपलं तरच ती मूळ फाइलच्या नावानं हलवायची, हा क्रम मी कधीच मोडत नाही.

उंबरठा (मंगळवार, दुपारी २:४८)

विंडोजवर असाल तर पॉवरशेलबद्दल दोन शब्द. "जेसनमधून वाचा, जेसनमध्ये लिहा" अशा दोन कमांड तिथे तयार मिळतात, त्यामुळे मोह होतो. लिहिणाऱ्या कमांडची डीफॉल्ट खोली २ आहे. त्याहून आत दडलेल्या रचना ती उलगडून लिहीत नाही, त्यांचं सरळ एका स्ट्रिंगमध्ये रूपांतर करते. आतला डेटा गेला. नव्या आवृत्त्या निदान ताकीद देतात, विंडोजबरोबर येणारी ५.१ तेही करत नाही. खोलीचा आकडा स्वतः वाढवून द्यावा लागतो.

त्याच ५.१ मध्ये निकाल बाणानं फाइलमध्ये वळवला की ती यूटीएफ-८ ऐवजी यूटीएफ-१६ या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये लिहिली जाते. आणि बीओएम (फाइलच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) नसलेली यूटीएफ-८ फाइल एन्कोडिंग न सांगता वाचली तर मराठी मजकुराचा चुरा होतो. मराठी फायलींसाठी ही वाट मी सुचवणार नाही.

अनुस्वार (मंगळवार, संध्याकाळी ५:०२)

मराठी मजकुराचा विषय निघाला हे बरं झालं. पायथनच्या साध्या जेसन हत्यारानं फॉरमॅट केलं की सगळी देवनागरी अक्षरं सांकेतिक रूपात जातात. "न" च्या जागी उलटी तिरपी रेघ, यू आणि ०९२८. जेसनच्या दृष्टीनं दोन्ही एकच, अ‍ॅपही चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पण फाइल माणसाला वाचता येत नाही आणि एडिटरमध्ये मराठी शब्द शोधला तर सापडत नाही. आकारही वाढतो. "नमस्कार" मध्ये ७ कोडपॉइंट (युनिकोडमधले चिन्हांचे क्रमांक) आहेत: यूटीएफ-८ मध्ये २१ बाइट, सांकेतिक रूपात ४२. पायथन ३.९ पासून त्या हत्याराला हे रूपांतर टाळायचा पर्याय आहे, तो न विसरता द्यावा लागतो.

याहून बारीक गोष्ट, पण आपल्या भाषेची म्हणून सांगतो. "दुसऱ्या" मधला ऱ दोन प्रकारे साठवलेला असू शकतो: ऱ हा एकच कोडपॉइंट, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. शिवाय बऱ्याच जुन्या मजकुरात तोच उच्चार र, हलंत आणि शून्य रुंदीचा जोडक अशा तिकडीनं लिहिलेला असतो. डोळ्याला तिन्ही जवळपास सारखे दिसतात, शोधायला गेलं की वेगळे निघतात. एखादं हत्यार "स्वच्छता" म्हणून हे एकसारखं करून देत असेल तर ते फॉरमॅटिंग नाही, मजकुरात केलेला बदल आहे. तो करायचा तर करा, पण वेगळा, जाणूनबुजून.

महिरपी कंस (मंगळवार, रात्री ८:३३)

आता तपासणी.

जेसनमध्ये रचनेच्या पातळीवर चारच चिन्हं "रिकामी जागा" म्हणून चालतात: स्पेस, टॅब, नवी ओळ आणि कॅरेज रिटर्न. त्यामुळे मूळ फाइलमधून आणि फॉरमॅट केलेल्या फाइलमधून ही चार चिन्हं काढून टाकली तर उरलेला मजकूर बाइट न् बाइट सारखाच असला पाहिजे. सारखा असेल तर फॉरमॅटरनं फक्त जागा हलवली. नसेल तर आणखी काहीतरी केलं. आकडा बदलणं, क्रम बदलणं, दुहेरी नाव गळणं, देवनागरीचे संकेत होणं, अनुस्वार यांचा ऱ, हे सगळं या एका चाळणीत अडकतं.

घाईची पद्धत: दोन्ही फायलींतून ती चार चिन्हं सरसकट काढा आणि उरलेल्याची चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. यात एक भोक राहतं. वाक्यातली एखादी स्पेस कमीजास्त झाली असेल तर ती सुटते. म्हणून नीट पद्धत अशी की फाइल अक्षरागणिक वाचायची, अवतरणाच्या आत असताना काहीही गाळायचं नाही, बाहेर असताना ती चार चिन्हं गाळायची. अवतरणाच्या आत उलटी तिरपी रेघ आली तर तिच्या पुढचं अक्षर तसंच घ्यायचं, म्हणजे आतलं अवतरणचिन्ह वाक्य संपल्यासारखं वाटणार नाही. कुठल्याही भाषेत वीसेक ओळींचं काम. फाइलचा अर्थ लावायचा नाही, हे त्यातलं मर्म. तपासणाराही जर फाइलचा अर्थ लावून तुलना करू लागला तर त्याचीही तीच गफलत होते: जुन्या जेक्यूनं दोन्ही फायली वाचल्या तर दोन्हींकडचे १८ आकडी क्रमांक सारखेच बिघडतील आणि तो म्हणेल, जुळलं.

गिटचा "स्पेसमधले फरक दाखवू नका" हा पर्याय इथे पुरत नाही. तो ओळीच्या आतल्या जागेकडे दुर्लक्ष करतो, पण एका ओळीच्या दोनशे ओळी झाल्या की त्याला सगळंच नवीन दिसतं.

जुनी वही (मंगळवार, रात्री १०:१०)

मी थोडा विरोधी सूर लावतो. डेटाच्या फायली फॉरमॅट कराव्यातच का? साठवायच्या तशाच आवळून साठवाव्यात आणि बघताना उलगडून बघाव्यात. खोल रचनेच्या फाइलमध्ये समासाच्या स्पेसच इतक्या होतात की आकार दीडपट-दुप्पट सहज होतो. नकाशाच्या जिओजेसन फायली घ्या. काही फॉरमॅटर प्रत्येक अक्षांश-रेखांशाच्या जोडीच्या चार ओळी करतात, आणि एका गावाची हद्द वीस हजार ओळींची होते. ती कोण वाचणार आहे?

रात्रपाळी (मंगळवार, रात्री १०:४४)

जिओजेसनबद्दल शंभर टक्के सहमत. दुसरा प्रोग्राम रोज लिहितो अशा फायलीही सोडाव्यात. आपण फॉरमॅट करायच्या, त्यानं पुन्हा आवळायच्या, आणि इतिहास त्यानंच भरायचा. प्रिटियरला दुर्लक्ष-यादीची फाइल देता येते, अशी फोल्डरं तिच्यात टाकून मोकळं व्हावं. पण इथे चार माणसं रोज फायली उघडून वाक्यं दुरुस्त करताहेत. माणूस जिथे लिहितो ती फाइल माणसाला वाचता आलीच पाहिजे. अ‍ॅपमध्ये जाणारी प्रत बांधणीच्या वेळी आवळून घ्यावी.

आणखी एक: काही फायलींचं नाव जेसन असतं पण आत जेसन लाइन्स असतात, म्हणजे प्रत्येक ओळीवर एक स्वतंत्र नोंद. तिथे ओळ हीच नोंदीची सीमा आहे. ती उलगडली तर ओळीमागे नोंद वाचणारा प्रोग्राम अडखळतो. व्हीएस कोडमध्ये दुसऱ्या ओळीपाशी "फाइल इथे संपायला हवी होती" अशा अर्थाची तक्रार दिसली तर ओळखा.

जुनी वही (मंगळवार, रात्री १०:५८)

चार माणसं हातानं दुरुस्त करतात हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. मग बरोबर आहे, उलगडाच.

सुटी पानं (बुधवार, सकाळी ८:०६)

इतर एडिटर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. जेटब्रेन्सच्या एडिटरांत फोल्डरवर राइट क्लिक करून रीफॉरमॅट कोड निवडलं की उपफोल्डरं घ्यायची का, कुठल्या नावाच्या फायली घ्यायच्या हे विचारतं, एक्स्टेन्शन लागत नाही. विममध्ये सगळ्या फायली आर्ग्युमेंट यादीत घ्यायच्या आणि आर्गडूनं प्रत्येकीवर बाहेरचा फॉरमॅटर चालवून अपडेट करायचं. बाहेरचा फॉरमॅटर चुकला तर त्याची एररच फाइलमध्ये मजकूर म्हणून येऊन बसते, तेवढं बघा.

जेसनच्या पलीकडे ही युक्ती डोळे मिटून नेऊ नका. यॅमलमध्ये समास हाच अर्थ आहे, टॅब चालत नाही, आणि वाचून-लिहिणारी बरीच हत्यारं त्यातल्या टिपा गाळून टाकतात. एक्सएमएलमध्ये मजकूर आणि टॅग मिसळलेले असतील तर घातलेली नवी ओळ मजकुराचा भाग होऊ शकते. सीएसव्हीचे रकाने सुबक दिसावेत म्हणून स्पेस घालणं तर चुकीचंच. आरएफसी ४१८० या सीएसव्हीच्या दस्तऐवजाप्रमाणे स्पेस रकान्यातल्या मजकुराचाच भाग आहे.

शून्यापासून (बुधवार, दुपारी १२:२२)

गिटचं राहिलं. फॉरमॅटिंगची कमिट (गिटमध्ये एकत्र नोंदवलेले बदल) पूर्णपणे वेगळी ठेवा, तिच्यात एकही वाक्य दुरुस्त करू नका. नाहीतर १,३०० फायलींच्या गदारोळात ती दुरुस्ती कुणालाच सापडणार नाही. सोबतचे तिघं त्या वेळी जुन्या प्रतीवर काम करत असतील तर त्यांच्या प्रत्येक फाइलमध्ये टक्कर होणार. सगळ्यांनी आपलं काम आत ढकलावं, तासभर थांबावं, मग तुम्ही फॉरमॅट करावं.

त्या कमिटचा क्रमांक दुर्लक्ष-नोंदींच्या एका फाइलमध्ये लिहा आणि गिट ब्लेमला (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड) ती फाइल सांगा. २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून ही सोय आहे. पुढे कुणी वाक्यामागचा हात शोधू लागलं तर ब्लेम तुमच्या कमिटला ओलांडून मागे जाईल. मूळ फाइल एकाच ओळीची असल्यामुळे त्यामागे फार बारकावा मिळणार नाही, पण निदान सगळ्या ओळींवर तुमचंच नाव लागणार नाही.

कोरी पाटी (गुरुवार, रात्री ९:५५)

झालं! काय केलं आणि काय निघालं ते लिहिते.

दुपारी सगळ्यांना थांबवलं. आधी मूळ फायलींची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून ठेवली. माझ्या ४० फायली धरून सगळ्यांवर प्रिटियर चालवला, कारण एडिटरची आणि त्याची ओळी तोडायची रीत थोडी वेगळी दिसली. १,३४० पैकी ८ फायलींवर तो अडला. त्यातल्या २ जेसन लाइन्स निघाल्या, रात्रपाळींनी सांगितलं तसंच. उरलेल्या ६ मुळातच मोडलेल्या होत्या: तिघींत वाक्याच्या आत सुटं अवतरणचिन्ह, दोघींत दोन जोड्यांमधला स्वल्पविराम गायब, आणि एक अर्ध्यावरच संपलेली. ही वाक्यं अ‍ॅपमध्ये मराठीऐवजी इंग्रजीत का दिसतात याचा शोध आम्ही दोन आठवडे घेत होतो.

मग महिरपी कंस यांच्या पद्धतीची तपासणी, अवतरणाच्या आतलं न गाळणारी. १,३३२ पैकी १,३३१ फायली तंतोतंत जुळल्या. एक जुळली नाही, आणि ती मी सोमवारी हातानं केलेल्या ४० मधली होती. एका १८ आकडी क्रमांकाच्या शेवटी एक जादा ७ लागला होता. फॉरमॅटरनं तो घातलेला नाही, शॉर्टकट दाबताना माझ्याच बोटानं गेला असणार. तपासणी केली नसती तर ते वाक्य अ‍ॅपमधून कायमचं नाहीसं झालं असतं आणि मला पत्ताही लागला नसता.

दुहेरी नावं शोधायला वेगळी स्क्रिप्ट लिहिली. ११ ठिकाणी सापडली. तिथे कोणतं वाक्य ठेवायचं ते आम्ही चौघं उद्या बसून ठरवू, वेगळ्या कमिटमध्ये.

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शंका उरली: फायली पुन्हा अस्ताव्यस्त होऊ नयेत म्हणून चौघांच्या एडिटरमध्ये काय लावू?

अर्धविराम (गुरुवार, रात्री १०:२०)

प्रोजेक्टच्या मुळाशी एडिटरकॉन्फिग फाइल ठेवा: समास दोन स्पेसचा, ओळीचा शेवट एलएफ (फक्त "नवी ओळ" हे चिन्ह), एन्कोडिंग यूटीएफ-८. प्रिटियर ती स्वतः वाचतो. व्हीएस कोडला मात्र तिच्यासाठी एक्स्टेन्शन लागतं. जेसनसाठी डीफॉल्ट फॉरमॅटर प्रिटियर आणि फॉरमॅट ऑन सेव्ह चालू, ही दोन सेटिंग्ज वर्कस्पेसच्या सेटिंग्जमध्ये लिहून गिटमध्ये टाका, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगावं लागणार नाही. आणि कमिट करण्याआधी प्रिटियरचा "चेक" आपोआप चालेल असा हुक लावा. बदललेल्या फायलींवरच चालवा, सगळ्यांवर नको.

महिरपी कंस (गुरुवार, रात्री १०:४१)

तो तपासणीचा प्रोग्रामही प्रोजेक्टमध्येच ठेवा. प्रिटियरची आवृत्ती वाढवाल त्या दिवशी पुन्हा लागेल. आणि जमलं तर ते १८ आकडी क्रमांक अवतरणात न्यायचं अ‍ॅप लिहिणाऱ्यांशी बोला. आज तुमचं हत्यार सुरक्षित आहे, उद्या कुणी दुसरं चालवेल.

कोरी पाटी (शुक्रवार, सकाळी १०:०८)

हुक लावला, क्रमांकांबद्दल पत्रही टाकलं. आज सकाळी फॉरमॅटिंगनंतरची पहिली दुरुस्ती गिटमध्ये आली. दोनशे वाक्यांच्या फाइलमध्ये फरक म्हणून एकच ओळ दिसत होती: "माहीती" च्या जागी "माहिती".